मिसेस अप्रूव्ह करतायत

किराणा दुकानात 412 रुपयांचं बिल आणि मी काउंटरला मोबाईल धरून उभा, कारण आमच्याकडे युपीआय सर्कल आहे, म्हणजे खातं बायकोचं, मी सेकंडरी युजर, आणि दर वेळी तिने तिकडे पिन टाकला की इकडे पैसे जातात. फुल डेलिगेशन केलं तर महिन्याला 15 हजारांपर्यंत मला तिला न विचारता खर्च करता येईल, पण ते करू करू म्हणत राहूनच जातं. माझे थोडेफार अकाउंटिंगचे पैसे येतात ते सरळ होम लोनच्या हप्त्यात जातात, घरखर्च तिच्याकडून. ती मीटिंगमध्ये होती.

"रेंज नाहीये का?" मागच्या काकांनी विचारलं.

"आहे की. मिसेस अप्रूव्ह करतायत."

काकांनी पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली म्हणजे माणूस आता मुक्कामालाच आला.

"म्हणजे पैसे वहिनींचे?"

"घरचे."

"पण खातं वहिनींचं."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी घरून काम करतो."

"घरून की घरचं?"

गोण्या लावणारा पोरगा फिस्सकन हसला. काका एकदम हळवे झाले आणि दुकानदाराला म्हणाले, "लिहून ठेव रे त्यांचं, उद्या देतील, बिचारे."

बिचारे! अहो मुलगी झाली तेव्हा हिला 26 आठवड्यांची रजा होती, प्रायव्हेटमध्ये बापाला कायद्याने एक दिवससुद्धा नाही. रजा संपल्यावर आम्ही वहीत हिशोब मांडला, पाळणाघराची फी, हिचा पगार माझ्या दीडपट, माझं ऑफिस दोन लोकल बदलून, आणि ज्याचा पगार कमी त्याने सोडली नोकरी. हाच हिशोब उलटा आला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. सरकारच्या 2024 च्या टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणारे पुरुष त्यावर दिवसाला सरासरी 88 मिनिटं घालवतात आणि बायका 289. माझी 88 मिनिटं स्कूल व्हॅन यायच्या आधीच संपतात, तरी सोसायटीत मी एक तर बिचारा नाहीतर देवमाणूस. आणि ही दिवसभर राबून आली की लिफ्टमध्ये तिला विचारणार, मुलीला कोण बघतं गं? अरे बाप बघतो ना, रोज त्याच लिफ्टमधून तिला घेऊन जातो, दिसत नाही का?

असो. काका अजून सुरूच. "आमची ही हायस्कूलला शिकवायची. लग्नानंतर मीच म्हटलं, कशाला उगाच दगदग? आता दर महिन्याला हातखर्चाला देतो, मागावं लागत नाही तिला."

काकू शेजारीच हिंगाच्या डब्या बघत होत्या. "लागतं की मागावं," त्या म्हणाल्या, डबीवरची किंमत वाचता वाचताच.

काका खो खो हसले आणि त्यांनी मला डोळा मारला. मला कशाला डोळा मारताय राव, मी तुमच्या पार्टीतला नाहीये.