मामाचा पत्ता

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एका बाईंना झोडपणं चालू आहे. मुलुंडच्या एका मैत्रिणीकडे त्या स्वयंपाकाला येतात, राहतात भांडुपच्या डोंगरावर. मुलासाठी त्यांनी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून एका बऱ्या शाळेचा अर्ज भरला. शाळा १ किलोमीटरच्या आत असली की लॉटरीत आधी नंबर लागतो, म्हणून नणंदेच्या खोलीचा भाडेकरार जोडला. लॉटरी लागली, पडताळणीत पकडलं, प्रवेश गेला. ‘ही सरळ फसवणूक आहे, गुन्हा दाखल झाला पाहिजे,’ इति मैत्रीण. खाली सतरा अंगठे. आणि मग माझ्याकडे वळून, ‘तुमच्या अमेरिकेत बघ. सगळी मुलं घराजवळच्या सरकारी शाळेत. कसली भानगड नाही. सांग ना यांना.’

मी काहीच सांगितलं नाही. समोर टेबलावर माझाच अर्ज पडला होता.

आम्ही राहतो तो अपार्टमेंट बुलेवार्डच्या अलीकडे. पलीकडे दुसरा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळांचा वेगळा विभाग. तिथली शाळा आमच्या बाल्कनीतून दिसते, पण लेकीला तिथे घालायचं तर इंटरडिस्ट्रिक्ट परमिट लागतं. आधी आपल्या डिस्ट्रिक्टनं सोडायचं, मग त्यांनी घ्यायचं. आमच्यांनी सोडलंच नाही. कॅलिफोर्नियात मुलांच्या हजेरीवर डिस्ट्रिक्टचे पैसे ठरतात, हातातलं मूल कोण जाऊ देईल? माझं ऑफिस पलीकडे, नवऱ्याची रात्रपाळी, शाळा सुटल्यावर तिला बघायला कोणी नाही, हे सगळं लिहून झालं होतं. नकार आल्यावर ३० दिवसांच्या आत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळाकडे अपील. तेही केलं. पीजी अँड ईचं विजेचं बिल, लीज, मॅनेजरचं पत्र, एकेक कागद तीनदा स्कॅन केला.

‘एवढं कशाला? माझा पत्ता टाक,’ पलीकडे राहणारी तेलुगू मैत्रीण म्हणाली. तसं टाकणाऱ्या पुष्कळ आहेत. पण डिस्ट्रिक्ट माणूस पाठवतो, सकाळी सहाला दार वाजतं, मुलीचा टूथब्रश कुठाय ते बघतात, असं पार्कमध्ये आया एकमेकींना सांगतात. आणि हे नुसतं घाबरवणं नाही. ओहायोत अ‍ॅक्रनच्या केली विल्यम्स-बोलर या बाईंनी दोन मुलींना आपल्या वडिलांच्या पत्त्यावर शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातलं, तर २०११ साली त्यांना नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे गव्हर्नरनं गुन्ह्याचं कलम सौम्य केलं. भांडुपच्या बाईंचा निदान फक्त प्रवेश गेला.

तेव्हा, बायांनो, इथे घराजवळची शाळा असते ती घराच्या किमतीप्रमाणे. रस्ता ओलांडला की भाडं ९०० डॉलरनं वाढतं. ते भरणाऱ्यांना परमिट लागत नाही, त्यांना कोणी फसवे म्हणत नाही. आपला कायदा मोडकातोडका असेल, पण गरिबाच्या पोराला खाजगी शाळेच्या आत तरी ओढतो. २०२४ मध्ये सरकारनं त्यातून पळवाट काढली होती: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खाजगी शाळेला सूट. जुलैत हायकोर्टानं ती रद्द केली. तेव्हा ग्रुपवर कोणी अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही. आणि ते भाडेकराराचं म्हणाल, तर नोंदणी केलेलाच करार मागतात. भांडुपच्या डोंगरावर कोणता खोलीमालक करार नोंदवून देतो?

हे सगळं मी टाइप केलं आणि पुसलं. ‘ही तिकडे बसून आम्हाला शिकवते,’ हे उत्तर ठरलेलं. शिकवतेच थोडीफार, खोटं कशाला बोलू. इथे नकार आला तरी तो ईमेलवर, कारणासकट येतो. ‘साहेब जेवायला गेलेत’ कोणी म्हणत नाही. ते ऐकून वर्षं झाली, आणि कधीकधी, का कोण जाणे, ऐकावंसं वाटतं.

पण पुसलं ते त्या भीतीनं नाही. आम्ही राहायचो डोंबिवलीला. बाबांना दादरचीच शाळा हवी होती आणि शाळेला जवळपासची मुलं. म्हणून फॉर्मवर मामाचा पत्ता. रोज पहाटे पाच-पन्नासची लोकल आणि आईचा एकच धोशा, ‘बाईंनी विचारलं तर मामाकडे राहते म्हणायचं.’ पाचवीत एकदा बाईंनी विचारलंच, घरून यायला किती वेळ लागतो. ‘पाच मिनिटं,’ मी म्हटलं. कंपासपेटी उघडीच होती, त्यात डोंबिवली–दादर पास. बाईंनी तो पाहिला, पेटीचं झाकण बोटानं बंद केलं आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. त्याच डब्यात मुलुंडला एक मुलगी चढायची, मी तिच्यासाठी दप्तर ठेवून जागा धरायचे. तिच्या फॉर्मवर कोणाचा पत्ता होता, हे तिनं जरा आठवून बघावं. सध्या ती गुन्हा दाखल करायला निघाली आहे.

अपील मंजूर झालं. ऑगस्टपासून लेक पलीकडे जाईल. कागद लावताना तीन वर्षांपूर्वीचा, किंडरगार्टनचा फॉर्म हाती आला. त्यात घरच्या भाषेबद्दल चार प्रश्न असतात. पहिलाच: मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा शिकलं? दुसरी कुठलीही भाषा लिहिली की मुलाची इंग्रजीची परीक्षा घेतात, म्हणून इथले आपले लोक एकमेकांना आधीच सांगून ठेवतात. २०२५च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा तो जीआर मागे घेतला, त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यात जास्त मराठीचे झेंडे माझे होते.

चारही रकान्यांत माझ्या अक्षरात लिहिलंय: इंग्लिश. लेकीचा पहिला शब्द ‘नको’ होता.