पंधरा नगांची बचत

आपला कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कारखाना असेल आणि यंदा खर्चाला कात्री लावायची असेल, तर कृपा करून कामगारांच्या चहाला हात लावू नका. त्याने कुरकुर लगेच सुरू होते आणि हाती फारसे काही लागत नाही. बचत करावी ती नंतर झाकली जाणाऱ्या वस्तूवर. कोअर, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावे म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा गाभा, मधोमध राहावा म्हणून आपल्या फौंड्रीतला मोल्डर साच्यात लहान चॅपलेट, म्हणजे धातूचे टेकू, ठेवतो, ते आठवा. रस ओतला की ते आतच राहतात. तिथे किती ठेवले होते, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. कोअर सरकून एका बाजूची भिंत पातळ झाली, तरी रंग मारून टेम्पोत चढेपर्यंत कास्टिंग देखणेच दिसते.

या सल्ल्याला मोठा आधार आहे. मेक्सिकोच्या आखातात, सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्याखाली, बीपी कंपनी मॅकोंडो ही तेलाची विहीर खणत होती. तिथे चॅपलेटच्या जागी सेंट्रलायझर असतात. ते विहिरीत उतरवलेला पाइप मधोमध धरून ठेवतात, म्हणजे भोवतीचे सिमेंट सगळीकडून सारखे बसते. सिमेंटचे काम करणाऱ्या हॅलिबर्टनच्या हिशेबाने असे 21 नग हवे होते. पाइपसोबत उतरले 6. उरलेले 15 रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या समुद्रातल्या तरंगत्या मंचावर, येऊनही पोहोचले होते, पण ते चुकीच्या जातीचे आहेत असे ठरले, शिवाय बसवायला दहाएक तास मोडणार होते. यावर एका अभियंत्याने सहकाऱ्याला ईमेल लिहिली, तिचा भावार्थ असा: झाले ते झाले, कोणाला पडले आहे, बहुधा निभावेल. आपल्या गावात यालाच ‘हुतंय की’ म्हणतात आणि त्यासाठी कोणी अभियांत्रिकीची पदवी मागत नाही.

तपासणीही टाळावी, कारण तपासणीत दोष सापडतो आणि सापडलेला दोष दुरुस्त करावा लागतो. सिमेंट नीट बसले का हे पाहणारे पथक 20 एप्रिल 2010 च्या सकाळी काम न करताच परत पाठवले गेले आणि सुमारे सव्वा लाख डॉलर वाचले. रिगचे भाडेच दिवसाला पाच लाख डॉलरच्या घरात असताना ही काटकसर कोणत्याही संचालकाला पटेल. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही, याचे कौतुक करायला. पहाटे तीनला खोट्या गजराने झोपमोड नको म्हणून धोक्याची मुख्य घंटा आपोआप वाजणार नाही अशी सोय करून ठेवली होती, असे तिथल्याच तंत्रज्ञाने पुढे चौकशीत सांगितले. रात्री दहाच्या सुमारास स्फोट झाला. अकरा माणसे गेली आणि विहीर 87 दिवस तेल ओकत राहिली.

आता जबाबदारीचे. ती एकाच्या डोक्यावर राहता कामा नये, म्हणून धंद्याची मांडणी आधीच करून ठेवावी लागते. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशनची, सिमेंट हॅलिबर्टनचे. मे महिन्यात अमेरिकी सिनेटपुढे याची टोपी त्याच्या डोक्यावर फिरवण्याचा कार्यक्रम यथासांग पार पडला. 2014 मध्ये न्यायाधीशांनी दोषाची वाटणी 67, 30 आणि 3 टक्के अशी केली. भावकीतली जमीनसुद्धा इतक्या नेमकेपणाने वाटली जात नाही. बीपीने अकरा मृत्यूंचा गुन्हा 2012 मध्येच कबूल केला होता आणि दंडही प्रचंड भरला, पण कंपनीला कोठडीत बसवता येत नाही आणि माणसांपैकी त्या मृत्यूंसाठी कोणीही तुरुंगात गेले नाही. ट्रान्सओशनने तर 2010 हे सुरक्षिततेचे आपले सर्वोत्तम वर्ष ठरवून वरिष्ठांना बोनस दिले. लोकांनी आरडाओरड केल्यावर ते मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीकडे वळवावे लागले, एवढीच काय ती चूक.

तेव्हा चॅपलेट वाचवायचे ठरलेच, तर कोअर बसवण्याचे काम ठेकेदाराला द्या, त्याला पोटठेकेदार नेमू द्या आणि भट्टीशेजारी अपघातमुक्त दिवसांचा फलक मात्र स्वखर्चाने लावा. त्यावरचा आकडा रंगाने नको, खडूने लिहा. पुसायला सोपा जातो.