बिडाचं मशीन आडवं झोपवू नका

जुना ३६ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याने लाकूड कापणारं मशीन) वखारीतून टेम्पोत आडवा टाकून आणल्याचं तुमच्या लेखात वाचलं आणि काळजात धस्स झालं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, पोलाद नव्हे. ते वाकत नाही, दणका बसला की थेट तडकतं, आणि ती तड वेल्डिंगने भरणं फार कठीण.

आम्ही असंच मशीन आणलं तेव्हा अख्खा दिवस नुसत्या सोडवासोडवीत गेला. आधी टेबल उतरवलं, मग दोन्ही चाकं, मग मोटर. उरलेला सांगाडा चेनकुप्पीने उचलून उभाच टेम्पोत ठेवला आणि चारही बाजूंनी आवळला. ही मशीनं वरून जड असतात, वळणावर कलंडतात. उचलायचा बेल्ट सांगाड्याच्या मानेलाच घाला. वरच्या चाकाच्या शाफ्टला अडकवलात आणि शाफ्ट जरा जरी वाकला, तर पट्टा चाकावर टिकणार नाही.

रंगकामाची घाई करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारून घासा. बेअरिंग बॅबिटचं असेल तर पॉलिश पेपर लावायचा मोह टाळा. तो मऊ धातू असतो, पेपरचे कण त्यात रुततात आणि शाफ्टच खातात. खरं काम चाकांवरच्या रबराचं. मधला हलका फुगवटा झिजला असेल तर पट्टा पुढेमागे सरकत राहतो.

तुमच्या वरच्या चाकाच्या रबराचा जवळून काढलेला फोटो टाकाल का?