पन्नास सिटांचा संसार

निवृत्त प्रवासी बस विकणारा माणूस तिच्याबद्दल नेहमी एकच वाक्य बोलतो : "फक्त हायवेवर चाललेली आहे." मग खड्ड्यांतून चाललेल्या बसगाड्या नेमक्या कुठे जातात कोण जाणे! "टायर नवेकोरे" हे त्याचं दुसरं वाक्य. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २३१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी ठसठशीत, पण रबराला बारीक भेगा. "उभीच होती हो, टायर झिजतील कसे?" विक्रेता म्हणाला. रबर उभ्याउभ्याही म्हातारं होतं, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. तोही तिथे बरीच वर्षं उभा असावा.

जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं, हे बायकोला पटवण्यासाठी मी इतिहास काढला. अमेरिकेत १९५४ ते १९५६ या काळात सीनिक्रूझर नावाच्या १००१ बसगाड्या तयार झाल्या. पुढे त्या प्रवासी सेवेतून बाद झाल्यावर त्यांतल्या कितीतरी गाड्यांची लोकांनी घरं केली. "आणि सुरुवातीला त्यांना दोन-दोन इंजिनं होती!" मी म्हणालो.

"आपल्या बसचं एक तरी सुरू होतं का?"

आमच्याकडे चर्चा अशाच यशस्वी होतात. बस घेतली.

पहिलं काम सीट काढायचं. सीट बोल्टने बसवलेली असते आणि बोल्टचं दुसरं टोक जमिनीच्या खाली असतं. म्हणजे एकाने आत उकिडवं बसून पाना धरायचा आणि दुसऱ्याने गाडीखाली उताणं पडून नट फिरवायचा. दोघांच्या मध्ये प्लायवुड, त्यामुळे बोलणं ओरडूनच. "फिरतोय का?" "काय?" "फिरतोय का?" "थांबू का?" शेवटी नट, बोल्ट आणि सीट असे तिघेही एकत्र गोल फिरायला लागले, तेव्हा ग्राइंडर आणला. सिटांखाली नाणी, हेअरपिना, अर्धी तिकिटं आणि च्युइंगगमचे अनेक थर सापडले. प्लायवुड उचकटल्यावर खालचा पत्रा काही ठिकाणी होता, काही ठिकाणी नुसता गंज होता आणि काही ठिकाणी थेट रस्ता दिसत होता.

यानंतर सुतारकाम. आमचे मिस्त्री जुने, हाताला वळण असलेले. आल्याबरोबर त्यांनी पाणसळ काढून जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला. "जमीन उतरती आहे," ते म्हणाले. मी बस थोडी पुढे घेतली. बुडबुडा दुसऱ्या टोकाला. मग त्यांनी ओळंबा सोडला. ओळंबा सरळच लटकतो, त्याला दुसरं काही येत नाही. पण बसच्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या असतात, त्यामुळे ओळंबा एकीकडे आणि भिंत दुसरीकडे. कोपऱ्यात गोनिया लावला, तर एकही कोपरा काटकोनात नाही. मिस्त्रींनी तिन्ही हत्यारं पिशवीत भरली आणि चहा मागितला.

"साहेब, आधी एक ठरवा. सरळ म्हणजे कशाशी सरळ?"

इतका मूलभूत प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. शेवटी असं ठरलं, की जगाशी आपलं देणंघेणं नाही. बसची जमीन हीच सपाट, खिडक्यांची खालची पट्टी हीच आडवी, बाकी सगळं पुठ्ठ्याचे साचे कापून मापायचं. साचे कापता कापता मिस्त्री रंगात आले आणि त्यांनी मागच्या बाजूला एक देखणं, छतापर्यंतचं कपाट उभं केलं. त्यांच्या हातचं सर्वांत सुंदर काम. फक्त ते संकटकाळी बाहेर पडायच्या दारावर होतं. आता ते कपाट आरपार आहे. आग लागली तर माझ्या शर्टांतून वाट काढत बाहेर पडायचं.

पण खरी लढाई विजेची. घराची वायरिंग करणारा आणि गाडीची वायरिंग करणारा या दोन वेगळ्या जमाती आहेत. घरवाल्याने एका तारेची जाड वायर आणली होती. गाडीवाल्याने ती दोन बोटांत धरली, तीन-चार वेळा मागेपुढे वाकवली आणि तुकडा त्याच्या हातात ठेवला. "आमच्याकडे घर हलतं," तो म्हणाला. गाडीत बारीक तारांची पिळाची वायर लागते, नाहीतर हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. घरवाल्याने अपमान गिळला आणि योग्य वेळेची वाट पाहिली. ती लवकरच आली. बसची वीज २४ व्होल्टची, आम्ही घेतलेला पंप आणि दिवे १२ व्होल्टचे, आणि मिक्सर घरातल्या सॉकेटवर चालणारा. गाडीवाल्याने पंप सरळ बसच्या बॅटऱ्यांना जोडला. पंप थोडा वेळ फारच उत्साहाने चालला. "तुमच्याकडे पंपही हलतो वाटतं," घरवाला म्हणाला.

त्यात जुन्या वायरींचा गुंता वेगळा. एका जुडग्यात पन्नासेक वायरी, सगळ्यांचा रंग एक, आणि ओळख म्हणून प्रत्येकीवर छापलेला बारीक आकडा. तो आकडा नेमका आपल्या वायरीवरचाच पुसलेला. "ही मेलेली आहे, काप," असं दोघांचं प्रथमच एकमत झालं. कापली. त्या दिवसापासून मागचे दिवे गेले आणि वायपर सुरू केला की प्रवाशांनी थांबा मागायची घंटा वाजू लागली. दिवे परत आले. घंटा राहिली. ती वायपरशिवायही, मनात येईल तेव्हा वाजते. गाडीवाला म्हणतो हा घराचा दोष आहे, घरवाला म्हणतो गाडीचा.

गॅसबद्दल थोडक्यात सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक लागतं. जमिनीतली भोकं बुजवण्यात आम्ही एवढे दिवस घालवले होते, आणि आता चांगल्या पत्र्याला नवं भोक पाडायचं होतं. मिस्त्रींनी ते माझ्याकडे न बघता पाडलं. संडासाची टाकी स्वतः ओतावी लागते, याबद्दल त्याहून थोडक्यात सांगतो : लागते.

वजनाची मात्र कुणालाच काळजी नव्हती. पन्नास माणसं उतरली म्हणजे साडेतीन टन उतरले, वर त्यांचं सामान आणि सिटा, मग आपण काय दोन पलंग ठेवणार! पण माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसतात, संसार तसा बसत नाही. दार एका बाजूला, म्हणून ओटा समोरच्या बाजूला. ओट्याजवळ पाणी हवं, म्हणून ३०० लिटरची टाकी त्याच्याच खाली, सामानाच्या कप्प्यात. पाण्याचा हिशेब सोपा : लिटरला एक किलो. बॅटऱ्याही तिथेच, कारण दाराकडच्या कप्प्यात डिझेलची टाकी. वजनकाट्यावर एकेका बाजूची चाकं चढवून पाहिली, तेव्हा काट्यावरच्या माणसाने आधी आकडा पाहिला, मग बस पाहिली आणि मान त्याच बाजूला तिरकी केली.

चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जुने, त्यामुळे बस कायमची ड्रायव्हरच्या अंगाला झुकली. नुसतं दिसण्याचं असतं तर चाललं असतं. पण आम्ही गॅसवर चालणारा फ्रिज घेतला होता आणि तो फार तिरका झाला की गार करणं सोडून देतो. तेव्हापासून वजनाचं खातं बायकोने हातात घेतलं. पुस्तकं दाराच्या बाजूला गेली. तांब्या-पितळेची सगळी भांडी दाराच्या बाजूला गेली. ज्या प्रकल्पाला तिचा विरोध होता, त्याच्या समतोलासाठी ती आता मला जेवतानाही जागा बदलायला लावते. "टाकी भरली आहे, इकडे सरक." टाकी रिकामी होत गेली, की मी हळूहळू मूळ जागी येतो.

पहिल्या प्रवासाला निघालो. म्हणजे किल्ली फिरवली आणि बसून राहिलो, कारण ब्रेकच्या टाक्यांत हवा भरेपर्यंत हे घर जागचं हलत नाही, नुसतं कोकलतं. हवा भरली, निघालो. पहिल्याच वळणावर सगळे ड्रॉवर उघडले, पुढच्या वळणावर बंद झाले. लिटरला तीन-चार किलोमीटर, त्यामुळे डिझेलचा काटा वेगाच्या काट्याशी स्पर्धा करत होता. एवढ्यात घंटा वाजली. मी सवयीने कडेला घेतली, दाराचं बटण दाबलं आणि दार फुस्स करून उघडलं.

बाहेर एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. ते चढले, ओटा पाहिला, पलंग पाहिला, फ्रिजवर नजर टाकली. चेहऱ्यावर काहीच नाही. फार प्रवास केलेला माणूस असावा.

"जागा आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच मागून बायकोचा आवाज आला :

"आहे. पण दाराच्या बाजूला बसा. आणि पिशवी जड असेल तर तीही तिकडेच ठेवा."