‘कॉम्प्युटर म्हणजे महागडी पेन्सिल’ म्हणणाऱ्यांना

आर्किटेक्चरच्या विद्यार्थी-शिक्षकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. कॉम्प्युटर ही नुसती महागडी पेन्सिल आहे. विचार हातातून येतो. जुन्या थोर वास्तुविशारदांचं कॉम्प्युटरवाचून काही अडलं नाही. कॉम्प्युटरवर विसंबल्याने छपरं कोसळली. सगळ्या इमारती एकसारख्या झाल्या त्या त्याच्यामुळेच. सॉफ्टवेअर काय, नोकरीला लागल्यावर तीन महिन्यांत येतं. आणि आता तर एआय आलंय, तेव्हा शाळांनी पहिली तीन वर्षं कॉम्प्युटर कुलपात ठेवावेत. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी वाटते, आणि यातला एक मुद्दा मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. बाकीच्यांबद्दल मात्र बोलायला हवं.

‘कॉम्प्युटर म्हणजे महागडी पेन्सिल’

हा समज कुठून आला ते कळतं. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि पुढे कितीतरी वर्षं बहुतेक ऑफिसांनी त्याचा ड्रॉइंग बोर्डच केला. टी-स्क्वेअर (रेघा ओढायची टी आकाराची पट्टी) गेला, माउस आला, रेघ ती रेघच राहिली. त्या काळात घडलेल्या माणसाला कॉम्प्युटर पेन्सिलीसारखा वाटला तर त्यात नवल नाही.

पण पडद्यावर चित्र काढण्याची सुरुवात अशी झालीच नव्हती. १९६३ साली आयव्हन सदरलंडने एमआयटीत पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम केला. त्यात लाइट पेनने पडद्यावर रेघ ओढता यायची, आणि सगळे कौतुक करतात ते त्याचंच. खरी करामत वेगळी होती. या दोन रेघा समांतर राहू देत, या बाजू सारख्या लांबीच्या राहू देत, असं त्याला सांगून ठेवता यायचं. मग एक बिंदू हलवला की बाकीची आकृती तो शब्द पाळत स्वतःला जुळवून घ्यायची. म्हणजे मशीनमध्ये साठवलेली होती ती भागाभागांमधली नाती. पेन्सिलीची रेघ दुसऱ्या रेघेला ओळखत नाही.

याचा डिझाइनशी काय संबंध, तर एक साधा डॉग-लेग्ड, म्हणजे मध्ये उलटा वळणारा दोन टप्प्यांचा, जिना घेऊ. मजल्याची उंची ३००० मिमी, रायझर (पायरीची उंची) १५०, ट्रेड (पाय ठेवायची जागा) ३००. एकूण २० रायझर, म्हणजे प्रत्येक फ्लाइटमध्ये (सलग टप्प्यात) १० रायझर आणि ९ ट्रेड. फ्लाइटची लांबी २७००. जिन्याची रुंदी १२००, लँडिंगही (वळणावरची सपाट जागा) १२००. आता छताखालून डक्ट (हवेच्या नळ्या) न्यायचे म्हणून मजल्याची उंची ३३०० करायचं ठरलं. रायझर १५० च ठेवला तर ते २२ होतात, प्रत्येक फ्लाइटला एक ट्रेड वाढतो, लांबी ३००० होते. जिन्याच्या खोलीची भिंत जागची हलणार नसेल तर हे ३०० मिमी लँडिंगमधून जातात आणि तिथे ९०० उरतात. जिन्यापेक्षा अरुंद लँडिंग ठेवून चालत नाही, त्यावर स्ट्रेचर वळणार नाही. मग भिंत मागे सरकवायची? तिच्यामागे शौचालय असेल तर? की रायझर १६५ करायचा? तसं केलं तर ३३०० ला पुन्हा २० च पुरतात आणि प्लॅनमधली एकही रेघ हलत नाही. दोन रायझर अधिक एक ट्रेड ही जुनी बेरीज ६०० वरून ६३० वर जाते, तीही पायांना झेपते. पण इमारत बालवाडीची असेल तर १६५ ची पायरी कशाला?

पेन्सिलीने हे सगळं करता येतं, नाही कोण म्हणतंय! फक्त प्रत्येक वेळी दोन प्लॅन आणि सेक्शन (उभा छेद) खोडून नव्याने काढावे लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला विद्यार्थी मजल्याच्या उंचीला हातच लावत नाही. सबमिशन जवळ आलेलं असतं. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये, म्हणजे भागांची नाती मांडून ठेवलेल्या मॉडेलमध्ये, आकडा बदलला की जिना बदलतो, पण त्याआधी विद्यार्थ्याला सांगावं लागतं की यात अढळ काय: रायझर, लँडिंग की भिंत? हे ठरवणं म्हणजेच डिझाइन. पेन्सिल हा प्रश्न कधी विचारत नाही, म्हणून तो न सोडवताही सुंदर शीट तयार होऊ शकतं.

‘विचार हातातून येतो’

मला मान्य असलेला मुद्दा तो हाच, थोडी दुरुस्ती करून. कच्च्या स्केचची ताकद त्याच्या मोघमपणात असते. एक जाडसर रेघ भिंत असू शकते, ओटा असू शकतो, झाडांची रांगही असू शकते, आणि तिच्याकडे बघता बघता नवीन काही सुचतं. सॉफ्टवेअर मात्र पहिल्याच क्लिकला विचारतं: भिंत ना? मग जाडी किती, उंची किती, माल कुठला? उत्तर सुचायच्या आत ते भरावं लागतं.

त्याहून मोठं नुकसान स्केलचं होतं. ०.५ मिमीच्या शिशाने १:१०० ला रेघ ओढली की ती रेघच ५० मिमी जाडीची झाली. १:२०० ला १०० मिमी. त्यामुळे दाराच्या मुठीची चिंता करायची सोयच नसते, कागद तुम्हाला खोल्यांच्या मांडणीवर डांबून ठेवतो. पडद्यावर झूमला अंत नाही. मग प्लॅन ठरायच्या आधी कठड्याचा स्क्रू काढलेला असतो आणि कॉरिडॉरमधून दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील का, हे पाहिलेलंच नसतं. असे प्लॅन ज्युरीत (विद्यार्थ्यांचं काम सगळ्यांसमोर तपासलं जातं तिथे) सर्रास दिसतात.

पण यावर उपाय सोपा आहे. दर आठवड्याला ठरलेल्या स्केलला प्रिंट काढा, भिंतीवर लावा, वर ट्रेसिंग पेपर टाकून हाताने खोडाखोड करा, आणि ती खोडाखोड पुन्हा मॉडेलमध्ये न्या. ऑफिसांमध्ये हेच चालतं. एवढ्यासाठी तीन वर्षांची बंदी म्हणजे दुखणं नखाचं आणि कापायचा हात.

‘गाउदीने कॉम्प्युटरशिवाय साग्रादा फमिलिया रचलं, गेहरी कॉम्प्युटरला शिवला नाही’

बार्सिलोनाचं साग्रादा फमिलिया चर्च रचणारा गाउदी आणि अमेरिकेतला वास्तुविशारद फ्रँक गेहरी: नेमकी ही दोन नावं निवडली, हे बरंच झालं.

लटकती साखळी आपल्या वजनाने जो आकार घेते, तो उलटा केला की दगडाच्या कमानीला योग्य आकार मिळतो, हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. गाउदीने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी ते प्रत्यक्ष केलं. छतापासून दोऱ्यांचं १:१० स्केलचं जाळं टांगलं आणि प्रत्येक दोरीला तिच्या वाट्याला येणाऱ्या भाराच्या हिशेबात छर्रे भरलेल्या पिशव्या बांधल्या. एक पिशवी हलवली की सगळं जाळं हलून नव्या समतोलात स्थिरावायचं. त्याचे फोटो काढून, उलटे धरून, त्यांवर तो इमारत रंगवायचा. या कामात सुमारे दहा वर्षं गेली आणि चर्चचं तळघर तेवढं उभं राहिलं. आता सांगा, हे हाताने काढलेलं चित्र आहे की आकडेमोड करणारं यंत्र? गाउदीला नुसत्या पेन्सिलीवर भागत नव्हतं म्हणून तर त्याने गुरुत्वाकर्षणाला कामाला लावलं. १९२६ मध्ये तो गेला, १९३६ मध्ये स्पेनमधल्या यादवीच्या धामधुमीत त्याची मॉडेल्स फोडली गेली, आणि त्या तुकड्यांवरून साग्रादा फमिलियाची भूमिती पुन्हा जुळवण्याच्या कामात पुढे विमानांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं.

गेहरीचंही तसंच. तो कॉम्प्युटर चालवत नव्हता हे खरं. कागद, पुठ्ठा, लाकूड यांची मॉडेल्स करत राहायचा. पण त्याचं ऑफिस ती मॉडेल्स बिंदू-बिंदूने मोजून कातिया या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचं. हे सॉफ्टवेअर मुळात दासो या फ्रेंच विमान कंपनीचं. स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं. त्याच्या प्रत्येक वाकड्या पत्र्यामागचं पोलाद कुठे किती कापायचं हे त्या मॉडेलमधून निघालं. मेसेजमध्ये गोष्टीचा पूर्वार्ध आहे, उत्तरार्ध गाळला आहे.

आणि जिथे हाताने स्केच काढून सुरुवात होऊच शकत नव्हती, असंही उदाहरण आहे. ब्रिटिश म्युझियमच्या मधल्या चौकावर काचेचं छप्पर घालायचं होतं. बाहेरची कड आयताकृती, आत गोल रीडिंग रूम, तीही बरोबर मध्यभागी नाही. शिवाय जुन्या भिंतींवर आडवा रेटा येऊ द्यायचा नाही. बाथ विद्यापीठाच्या ख्रिस विल्यम्स यांनी या पृष्ठभागाचं समीकरण मांडलं आणि त्यावरची जाळी प्रोग्राम लिहून हळूहळू सरकवत जुळवत नेली. २००० साली उघडलेल्या त्या छपरात ३,३१२ त्रिकोणी काचा आहेत. या छपराचा वक्र कुणी ‘काढलेला’ नाही. तो अटींमधून निघाला. अटी कुठल्या, हे मात्र माणसांनी ठरवलं.

‘कॉम्प्युटरवर विसंबले आणि छप्पर कोसळलं’

इथे हार्टफर्डचा दाखला असतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड सिव्हिक सेंटरचं स्पेस फ्रेमचं, म्हणजे दांड्यांच्या जाळीचं, छप्पर १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळलं. काही तास आधी तिथे बास्केटबॉलचा सामना होऊन हजारो प्रेक्षक घरी गेले होते, म्हणून जीव वाचले. डिझाइन कॉम्प्युटरवर तपासलेलं होतं, हेही खरं.

पण पुढचं वाचा. वरच्या दांड्यांना मध्ये आधार आहे असं हिशेबात धरलं होतं. प्रत्यक्षातला आधार पुरेसा नव्हता. सर्वात आधी काय निकामी झालं यावर तपास करणाऱ्यांचं एकमत झालं नाही, पण हा दोष ठळक होता. आणि बांधकाम चालू असतानाच छप्पर हिशेबाच्या जवळपास दुप्पट वाकलेलं मोजलं गेलं होतं! ते कळवलंही गेलं. त्यावर उत्तर काय, तर काळजीचं कारण नाही.

कॉम्प्युटरने त्याला दिलेल्या अटींवरून उत्तर काढलं. अटी तपासायला आणि मोजलेला आकडा गणिताशी ताडून बघायला माणूस हवा होता, आणि तो माणूस मशीनसमोर बसूनच तयार होतो. ज्याने विद्यार्थी असताना मॉडेलमधला एक आधार मुद्दाम काढून काय वाकतं ते पाहिलेलं नाही, तो नोकरीत रंगीत आलेख बघून मान डोलावणार. हार्टफर्ड हे कॉम्प्युटर लवकर शिकवण्याच्या बाजूचं उदाहरण आहे.

‘सगळ्या इमारती एकसारख्या’

न्यूयॉर्कमधल्या काचेच्या उंच इमारती घ्या: लीव्हर हाउस १९५२ चं, सीग्रॅम १९५८ चं. त्यांच्या नकला जगभर झाल्या, आणि त्या सगळ्या टी-स्क्वेअरने काढलेल्या. एकसारखेपणा येतो तो पैसा, घाई आणि तयार कर्टन वॉल (काचेचं बाहेरचं आवरण) यांतून. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली तयार खिडकी उचलून ठेवणारे आहेतच. पूर्वी ते कॅटलॉगमधून ट्रेस करायचे.

‘सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येतं’

कमांड येतात. म्हणूनच शाळेने कमांड शिकवण्यात सेमिस्टर घालवू नये, इथवर मी मेसेजच्या बाजूने. पण कमांड येणं वेगळं आणि वर जिन्यात पाहिलं तसं अवलंबित्व मांडता येणं वेगळं. उलट्या टोकालाही लोक जाऊन आले आहेत: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड चुमी डीन असताना १९९४ च्या सुमारास ‘पेपरलेस स्टुडिओ’ सुरू झाले. त्यातून नवे विचार निघाले तसे मऊ-मऊ फुगीर आकारांचे ढीगही निघाले. तिथून घ्यायचा धडा बंदीचा नक्कीच नाही.

‘आता एआय आलं, म्हणून कुलूप’

सगळ्यात उफराटा युक्तिवाद हा. एका वाक्यावरून इमारतीचं देखणं चित्र देणारी साधनं २०२२ पासून सर्वांच्या हाती आली. ती काय देतात? चित्र. त्यातल्या भिंतीला जाडी नसते, खांब खालच्या मजल्यावर उतरतो की नाही याचा पत्ता नसतो, मागची बाजू अस्तित्वातच नसते. सदरलंडच्या प्रोग्रामला दोन रेघांमधलं नातं माहीत होतं. या चित्राला ते माहीत नाही. म्हणजे डिझाइन म्हणजे छान दिसणारी रेघ, ही जी समजूत मेसेजने जपली आहे, तिचंच हे शेवटचं टोक. ज्या शाळेत शीटच्या देखणेपणाला मार्क मिळतात, तिला या साधनांची भीती वाटणारच.

त्यावर उपाय ज्युरीतच आहे. विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर एक गोष्ट बदलायला सांगायची: मजला ३०० मिमीने वाढव, इमारत ९० अंशांत फिरव आणि पश्चिमेचं ऊन आता कुठे येतं ते दाखव, हा खांब काढ. ज्याने नाती मांडली आहेत तो दहा मिनिटांत उत्तर देईल, किंवा जमत नाही आणि का जमत नाही ते सांगेल. ज्याने नुसतं चित्र आणलंय त्याच्याकडे बोलायला काही नसेल, मग ते चित्र एआयने केलेलं असो की पेन्सिलीने. अशी परीक्षा पहिल्या वर्षापासून घेता येते, आणि तिला कॉम्प्युटर उघडा लागतो. कुलूप लावलंत तरी मुलं पडद्यासमोर बसणारच आहेत, फक्त रात्री, खोलीवर, चुका दाखवणारा शिक्षक शेजारी नसताना.