हॉलंड 'करून' येण्याची रीत

पैसे भरलेत ना? मग आधी खूणगाठ बांधा: आपण हॉलंड बघायला नाही, हॉलंड करायला चाललोय. बघायला वेळ लागतो. करायला चार दिवस रग्गड होतात, आणि परतल्यावर लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलंच, तर "हॉलंड झालं आमचं" एवढ्यावर भागतं. देशाचं नाव नेदरलँड्स आणि हॉलंड म्हणजे त्याच्या बारा प्रांतांपैकी दोन, हे ठाऊक असलं तरी बसमध्ये बोलू नका. असल्या माणसाशेजारी दुसऱ्या दिवसापासून कोणी बसत नाही.

शेजारावरून आठवलं, खरी सहल सीटची असते. रोज जागा बदलायच्या, असं टूर मॅनेजर पहिल्याच सकाळी माइकवरून सांगेल. मान डोलवा. मग गुडघा, मणका किंवा सासूबाई यांपैकी एक कारण पुढे करून पहिल्या रांगेतली खिडकी धरा. मिळाली की पडदा ओढून झोपा. ऊन येतं.

तशी झोपेची सुरुवात स्खिपोल विमानतळापासूनच करायला हरकत नाही. विमान टेकतं ती जागा १८५२ सालापर्यंत तळ्याचा तळ होती. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून ती कोरडी केली, आणि आजही ती समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. पण तेव्हा तुम्ही पट्ट्यावरून फिरणाऱ्या बॅगांतली लाल रिबिनवाली आपली की कुलकर्ण्यांची, या विवंचनेत असाल. असायलाच हवं. तळं काय, तिथेच आहे.

ड्रायव्हरला मात्र आपला समजू नका. साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती, असा युरोपचा कायदा आहे आणि प्रत्येक मिनिट डॅशबोर्डातल्या यंत्रात नोंदलं जातं. "भाऊ, पाचच मिनिटं" याला तिथे भाषांतर नाही. तो पाऊण तास तुम्ही स्वच्छतागृहाच्या रांगेत घालवाल, कारण दाराशी नाणं टाकावं लागतं आणि कुटुंबातली सगळी नाणी एकाच माणसाच्या खिशात असतात. तो माणूस कॉफी घ्यायला गेलेला असतो.

पहिला मुक्काम लिसं गावचं कोइकनहॉफ. दर शरद ऋतूत तिथे सुमारे सत्तर लाख कंद लावतात आणि वसंतात बाग जेमतेम आठ आठवडे उघडी असते. आजूबाजूच्या शेतांत शिरून ट्यूलिपांत लोळण घेतलेला फोटो हवाच. दोऱ्या आणि पाट्या लावल्यात त्या इतरांसाठी. फक्त शेतकऱ्याचं यंत्र चालू असेल तर काकूंना तिकडे बघू देऊ नका. फुलं ऐन रंगात आली की तो त्यांची मुंडकी छाटून टाकतो, कारण त्याला पोसायचा असतो तो कंद. आमच्या बसमध्ये यावर अर्धा तास हळहळ चालली. "अहो, देवाला तरी वाहायची!"

चीजच्या दुकानात शिरताच "व्हेज आहे का?" हे विचारा, पण विचारायच्या आधी चार तुकडे तोंडात टाका. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या पद्धतीत दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, आणि काउंटरवरची पांढऱ्या टोपीतली मुलगी ते सरळ सांगून टाकते. झान्स स्कान्स इथल्या दुकानात आमच्या एक मावशी टूथपिक हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. गिळावं की थुंकावं? मुलीने लगबगीने दुसरं चीज पुढे केलं, प्राण्याचं रेनेट नसलेलं. मावशींनी वास घेतला, तुकडा उजेडात धरला आणि किंचाळल्या, "अगं बाई, जिरं!" लायडनकडे पिढ्यान्‌पिढ्या जिरं घालूनच चीज करतात. त्या दिवशी आमच्या बसने त्या दुकानातलं जिऱ्याचं चीज संपवलं. संध्याकाळी ते खाकऱ्यावर किसलं गेलं.

किंडरडाइकला १९ पवनचक्क्या आहेत. "इथे पीठ कुठे मिळतं?" हे विचारून घ्या, म्हणजे गाइड सुरू होईल: या पिठाच्या नाहीत, पाणी उपसायच्या आहेत, बहुतेक १७४०च्या आगेमागेच्या. पाणी उपसलं की दलदलीची जमीन सुकते, सुकली की खचते, खचली की आणखी उपसावं लागतं. पाण्याचा हिशेब ठेवायला निवडून दिलेली वेगळी मंडळं आहेत, त्यांचा वेगळा कर आहे, आणि त्यांतली सर्वांत जुनी तेराव्या शतकातली. इथे गाइडचा आवाज ऐकवणारं कानातलं यंत्र काढून ठेवा. हे नीट ऐकलंत तर पुढे प्रत्येक चराकडे, प्रत्येक बांधाकडे बघावंसं वाटेल आणि भडंग तशीच मऊ पडेल.

"सगळं सपाटच आहे हो" ही तक्रार तिसऱ्या दिवशी करायची असते. त्यांच्या युरोपातल्या भूमीचा सर्वोच्च माथा ३२२ मीटरचा. पर्वती चढायचीही गरज नाही, सारसबागेच्या बाकावर बसल्या बसल्या आपण त्याच्या कितीतरी वर. हे सांगून गाइडला गप्प करा. त्यावर त्याने वेंगुर्ल्याच्या डच वखारीचं विचारलं, तर ती आपण पाहिलेली नसते. तेव्हा खिडकीबाहेर बघा.

मग आफस्लाउटडाइक. १९३२ साली पुरा झालेला ३२ किलोमीटरचा बांध, उजवीकडे गोडं पाणी, डावीकडे खारं. खारं बसमधून दिसत नाही, मध्ये बांधाचा चढ आहे. म्हणजे तांबोल्याला ही उत्तम जागा.

त्यापुढे फ्रीसलंड प्रांतातल्या एका गावाच्या वेशीवर तुमची बस थांबेल. लाल दिवा लागेल, घंटा वाजेल आणि समोरचा रस्ताच हळूहळू आभाळाकडे उचलला जाईल. खालून एक म्हातारा शिडाची होडी घेऊन निघालेला असेल, एकटाच. पूलवाला गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडेल, म्हातारा त्यात नाणं टाकेल, बूट वर जाईल. पन्नास माणसांची बस, मागे दूधवाल्याचा टँकर, दोन सायकली, सगळे एका होडीसाठी थांबलेले. टूर मॅनेजरला लगेच विचारा, हा स्टॉप आपल्या कार्यक्रमात होता का, आणि नसेल तर पुढच्या गिथोर्न गावी किती मिनिटं कापणार. मागच्या बाकावर अंताक्षरी तेव्हा 'ठ'वर अडलेली असेल.