गोळी चालू करता, मग ती बंद कशी करायची तेही सांगा

आज दुपारी मेडिकलमध्ये गर्दी होती. माझ्यापुढे एक काका उभे होते, कमरेला पट्टा. त्यांनी ट्रॅमाडॉलची, म्हणजे जोरदार दुखण्यावरच्या गोळीची, जुनी चिठ्ठी पुढे केली. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, नशेची गोळी आहे ही. नवीन चिठ्ठी आणा. आणि सोडून द्या आता, सवय लागलीय तुम्हाला." मागे कुणीतरी फिसकन हसलं. काका काही न बोलता निघून गेले. तेव्हापासून संताप जात नाहीये माझा.

नवीन चिठ्ठी मागितली ते बरोबर. 2018 पासून ही गोळी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. मान्य. पण "सोडून द्या" हे त्याने कुठल्या अधिकारात सांगितलं?

माझ्या आत्याला असंच सांगितलं होतं. मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि 37.5 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल अन् 325 पॅरासिटामॉलची ती नेहमीची जोडगोळी सुरू झाली. "दुखलं की घ्या", एवढंच सांगितलं. दुखणं महिनोन् महिने होतं, म्हणून गोळीही महिनोन् महिने. मग एका शहाण्या नातेवाइकाने नेटवर काहीतरी वाचलं आणि घरभर जाहीर केलं की आत्या नशा करते. त्या माउलीने लाजेने त्याच दिवशी पाकीट फेकून दिलं.

दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी. ऐन मे महिन्यात हातावर काटा आणि अंगाला दरदरून घाम. जुलाब. रात्री पाय इतके तळमळायचे की पलंगाच्या कडेला घासत बसायची. दवाखान्यात नेलं तर पोटाचं इन्फेक्शन म्हणून सलाईन लावली. कुठली गोळी बंद केलीत का, हे विचारलंच नाही कुणी. आणि आत्या शरमेने स्वतःहून बोलेना.

अहो, ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. ते रोज पोटात गेलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. कुणाचाही घेईल, तुमचा आणि माझासुद्धा. ते एकदम काढलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. ट्रॅमाडॉल तर सेरोटोनिनवरही काम करतं, त्यामुळे जोडीला जीव घाबरा होणं, अंगात मुंग्या. यात चारित्र्याचा काय संबंध? व्यसन वेगळं. त्यात माणूस नुकसान दिसत असूनही गोळीच्या मागे धावतो. आत्या धावत नव्हती, ती तर पाकीट फेकून मोकळी झाली होती!

व्यसन लागतच नाही असं मी म्हणत नाही. काहींना लागतं. अमेरिकेत या गोळ्या खिरापतीसारख्या वाटल्या, त्याचे परिणाम जगाने पाहिले. पण तिथेच पुढे घाबरून लोकांच्या गोळ्या तडकाफडकी बंद केल्या गेल्या, आणि 2019 मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेला, एफडीएला, इशारा द्यावा लागला की एकदम थांबवल्याने तीव्र त्रास होतो, वेदना उफाळतात, लोक आत्महत्येपर्यंत जातात.

आत्याला शेवटी एका पेन क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी ओळखलं. हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचं काहीच चुकलेलं नाही, मावशी." आत्या तिथेच रडली. हे लिहितानाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मग हळूहळू उतरवली, मध्ये त्रास वाढला की तिथेच थांबून. वर्षभराहून जास्त घेणाऱ्यांना कधी महिन्याला दहा टक्केच कमी करायची असते, असं त्यांनी सांगितलं. सुटली गोळी. पण ती रडली कारण तोवर घरातलं कुणी तिला असं म्हणालं नव्हतं.

ओपीडीत डॉक्टरांना श्वास घ्यायला वेळ नसतो, ठाऊक आहे. तरी चिठ्ठीवर एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

तुमच्या घरी कुणाला ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन किंवा फेंटानिलचा पॅच रोज चालू असेल, तर मनाने बंद करू नका, करायला लावूही नका. डॉक्टरांकडून कमी कशी करायची ते लिहून घ्या. आणि काही दिवस बंद राहिली असेल तर दुखलं म्हणून जुना डोस परत घेऊ नका, विचारून घ्या. शरीराची सवय तोवर उतरलेली असते आणि त्याच डोसने श्वास मंदावू शकतो. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर धोका आणखी वाढतो.

ते काका कुठे राहतात, कुणाला माहीत असेल तर मला इनबॉक्स करा. आजच.